डेबियनमध्ये पॅकेज कुठे ठेवायचं? मेन, कॉन्ट्रिब की नॉन-फ्री

पॅकेज तयार झालं, इन्स्टॉल पण होतंय, प्रोग्राम चालतोय, आता हे टाकायचं कुठे? हा प्रश्न नवीन लोकांनी मला इतक्या वेळा विचारलाय की शेवटी एकदा बसून सगळं लिहून काढतोय. उदाहरण डेबियनचंच (लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर एकत्र बांधून देणारी प्रणाली) घेतोय कारण मला तेच नीट माहितीये, आणि हा विचार इतका बारकाईने करणारी डिस्ट्रो दुसरी क्वचितच सापडेल.

आधी एक गुंता सोडवू. "कुठे" या एका शब्दात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि नवीन माणूस हमखास ते एकमेकांत मिसळतो. पहिला, हे सॉफ्टवेअर किती मुक्त आहे, त्याचं उत्तर म्हणजे कंपोनंट: मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री आणि नॉन-फ्री-फर्मवेअर. दुसरा, हे किती मुरलंय, त्याचं उत्तर म्हणजे स्वीट, म्हणजे एक्सपेरिमेंटल, अनस्टेबल, टेस्टिंग, स्टेबल वगैरे. तिसरा, हे कुठल्या विषयाचं आहे, तो सेक्शन: फॉन्ट्स, गेम्स, नेट, मॅथ असे. पॅकेज भरवशाचं नाही म्हणून नॉन-फ्रीत टाकू का, असं एकाने मला खरंच विचारलं होतं, आणि चूक त्याची नव्हती, ही तीन उत्तरं वेगळी आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सर्व्हरवर हे कसं दिसतं ते एकदा ब्राउझरमध्ये उघडून बघा, खूप गोष्टी आपोआप कळतात. पूल नावाचा एक फोल्डर आहे, त्यात मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री असे खरेखुरे वेगळे फोल्डर, आणि त्यांच्या आत पॅकेजच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेल्या फाइली (लिब ने सुरू होणाऱ्या लायब्ररी इतक्या आहेत की त्यांना लिबए, लिबबी असे स्वतंत्र फोल्डर दिलेत). स्वीट मात्र तिथे फोल्डर म्हणून नाहीच, ती नुसती यादी असते. तेच पॅकेज अनस्टेबलमध्येही असेल आणि टेस्टिंगमध्येही, तरी फाइल पूलमध्ये एकच, दोन याद्यांमध्ये तिचं नाव. म्हणजे पॅकेज एका स्वीटमधून दुसऱ्या स्वीटमध्ये जाणं हा रोजचा व्यवहार झाला, पण कंपोनंट बदलणं म्हणजे घर बदलणं, म्हणून सगळ्यात जास्त वेळ तिथे द्यायचा.

पहिली पायरी: प्रत्येक फाइलचं लायसन्स वाचा

प्रत्येक म्हणजे खरंच प्रत्येक. वरच्या फोल्डरमध्ये जीपीएलची (एक प्रसिद्ध मुक्त लायसन्स) फाइल दिसली म्हणून काम संपलं असं होत नाही. डेबियनने 1997 मध्ये सोशल कॉन्ट्रॅक्ट (वापरणाऱ्यांना दिलेलं लेखी वचन) मंजूर केला आणि त्यातच मुक्त सॉफ्टवेअरचे निकष लिहिले, त्यांना सगळे डीएफएसजी म्हणतात, एकूण दहा कलमं आहेत, पुढे 1998 मध्ये ओपन सोर्सची जी व्याख्या आली ती याच्यावरूनच घेतलेली. रोजच्या कामात तुम्हाला चार-पाचच लागतात: कुणालाही वाटता आणि विकता आलं पाहिजे, सोर्स (माणसाला वाचता येणारा मूळ कोड) मिळाला पाहिजे, बदल करून तो बदललेला माल वाटता आला पाहिजे, आणि अमुक माणसांना किंवा अमुक कामासाठी बंदी अशी अट नको.

शेवटची अट मराठी माणसाला नीट समजावी लागते कारण आपल्याकडे मोफत आणि मुक्त यात गल्लत होते. माझं अगदी सुरुवातीचं एक पॅकेज स्पेलचेकसाठी केलेल्या मराठी शब्दयादीचं होतं. प्रोग्रामचा कोड जीपीएल, सगळं छान, आणि शब्दयादीच्या फाइलवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं, "शैक्षणिक वापरासाठी मोफत". मला वाचून बरंच वाटलं, माणूस उदार आहे. मग मला स्पॉन्सर करणाऱ्याने (नवीन माणसाला थेट अपलोड करता येत नाही, डेबियन डेव्हलपर तुमच्या वतीने करतो) एवढंच विचारलं, की एखाद्या दैनिकातला मुद्रितशोधक ही यादी वापरू शकतो का? तो तर पगार घेऊन काम करतो. नाही वापरू शकत. छापखाना चालवणारा? नाही. मग ही यादी मोफत आहे, मुक्त नाही, आणि मेनमध्ये बसत नाही.

मी यादी करणाऱ्या गृहस्थांना मेल केला. त्यांचा कुणाच्या धंद्याला विरोध नव्हताच, उलट वर्तमानपत्रवाले वापरतील हे ऐकून ते खूष झाले, त्यांना फक्त दुसऱ्या कुणी यादीवर स्वतःचं नाव लावायला नको होतं. त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीसी बाय-एसए 4.0 हे लायसन्स आहे, नाव द्यावं लागतं आणि बदललेली यादीही त्याच अटींवर द्यावी लागते, हे समजावून सांगितल्यावर त्यांनी ती ओळ बदलली. दोन महिने गेले यात. पण त्या दोन महिन्यांनी एक पॅकेज नॉन-फ्रीतून मेनमध्ये आलं, आणि माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त वेळा लेखकाचं मन मोकळंच असतं, नुसती वाक्यरचना घात करते. म्हणून कंपोनंट ठरवण्याआधी मेल लिहा. मेलमध्ये "तुमचं लायसन्स चुकीचं आहे" असं लिहू नका, "तुमचं काम अमुक लोकांनी वापरलं तर चालेल का" असं विचारा, आणि हो म्हणाले तर कुठली ओळ कुठे टाकायची ते तयार करून पाठवा.

वारंवार भेटणारी प्रकरणं सांगतो. लायसन्सच नसणं: कोड नेटवर उघडा आहे म्हणजे मुक्त झाला असं नाही, काहीच लिहिलं नसेल तर सगळे हक्क लेखकाकडे, म्हणजे मेन सोडा, नॉन-फ्रीतही टाकता येत नाही कारण वाटायचीच परवानगी नाही. सीसी लायसन्सात एनसी किंवा एनडी ही अक्षरं दिसली की मेन बंद, कारण एकात धंद्याला बंदी आणि दुसऱ्यात बदलायला. जेसनच्या (डेटा लिहिण्याची एक पद्धत) जुन्या लायसन्समध्ये सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरा, वाईटासाठी नको अशी ओळ आहे, भावना कितीही चांगली असली तरी ती वापरावरची अट झाली, म्हणून डेबियन ते नॉन-फ्री धरतं. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे मानक दस्तऐवज, तेही बदलून वाटता येत नाहीत म्हणून नॉन-फ्रीत. आणि वेबच्या पॅकेजमध्ये हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे एका ओळीत कोंबलेली जावास्क्रिप्ट, लायसन्स एमआयटी असतं, तेही मुक्तच, पण मूळ वाचता येणारी फाइल सोबत नसते. सोर्स कुठाय हा प्रश्न तिथे येणारच.

अशी एखादीच फाइल आडवी येत असेल आणि तिच्यावाचून प्रोग्राम चालत असेल तर ती काढून टाकून सोर्सचं गाठोडं नव्याने बांधतात आणि आवृत्तीच्या पुढे अधिक डीएफएसजी असं शेपूट लावतात. पॅकेजेसच्या याद्यांमध्ये हे शेपूट तुम्ही बघितलं असेलच. लक्षात ठेवा, बायनरीतून (म्हणजे बनवून तयार झालेल्या पॅकेजमधून) वगळून भागत नाही, सोर्सच्या गाठोड्यातही ती फाइल राहता कामा नये, कारण डेबियन सोर्सही वाटतं. लायसन्सचेक (लायसन्स शोधणारं) आणि लिंटियन (पॅकेजमधल्या चुका दाखवणारं) ही दोन साधनं चालवा, मदत करतात, पण कॉपीराइटची फाइल शेवटी डोळ्यांनीच लिहायची. मोठ्या पॅकेजला अख्खा रविवार जातो, जाऊ द्या.

एवढा आटापिटा कशासाठी, तर मेन हा शब्द बघून कुणीतरी लायसन्स न वाचता पुढचं पाऊल टाकणार असतो. शाळेच्या लॅबमध्ये चाळीस मशीनवर टाकणारे सर, डीव्हीडी कॉपी करून विकणारा दुकानदार, बदल करून स्वतःची डिस्ट्रो काढणारी पोरं, यांना कुणालाही विचारायची गरज पडू नये हे वचन आहे. नॉन-फ्रीच्या बाबतीत सोशल कॉन्ट्रॅक्टच सांगतो की सीडी बनवणाऱ्यांनी एकेक लायसन्स वाचून ठरवावं. तुम्ही चुकून एनसीवालं चित्र मेनमध्ये ढकललं तर फसवणूक त्या दुकानदाराची होते.

दुसरी पायरी: स्वतः मुक्त आहे, पण कुणाच्या खांद्यावर उभं आहे?

लायसन्स स्वच्छ निघालं तरी लगेच मेन म्हणू नका. नियम असा की मेनमधलं पॅकेज बिल्ड करायला (सोर्सपासून प्रोग्राम बनवायला) किंवा चालवायला मेनबाहेरचं काही लागता कामा नये. डिपेंड्स (चालायला हवंच), रेकमेंड्स (असलेलं बरं) आणि बिल्ड-डिपेंड्स (बिल्ड करायला हवं) या तिन्हींना हे लागू, सजेस्ट्स मध्ये (नुसती सूचना) बाहेरचं नाव चालतं. स्वतः मुक्त पण दुसऱ्या बंद गोष्टीवाचून अडणारं जे असेल ते कॉन्ट्रिबमध्ये.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे डूम हा गेम. त्याच्या इंजिनचा सोर्स 1997 च्या शेवटी खुला झाला, पुढे जीपीएलखाली आला, पण नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं विकतचं. नुसत्या इंजिनला डेटा नसेल तर करायचं काय? त्या हिशोबाने ते कॉन्ट्रिबमध्ये जायला हवं. पण लोकांनी फ्रीडूम नावाने सगळा डेटा मुक्त लायसन्सखाली नव्याने बनवला, तो मेनमध्ये आहे, आणि त्यामुळे चॉकलेट-डूमसारखं इंजिनही मेनमध्ये राहू शकतं. मूळ गेमचा शेअरवेअर डेटा मात्र नॉन-फ्रीतच. म्हणजे इंजिनच्या एका ओळीलाही हात न लावता, शेजारी कुणीतरी काहीतरी मुक्त उभं केल्यामुळे त्याची जागा सुधारते. तुमचं पॅकेज कॉन्ट्रिबमध्ये अडकलं असेल तर बाहेर काढायचे दोन रस्ते असतात हे यावरून कळावं: स्वतःचा कोड बदलणं, किंवा शेजारी मुक्त पर्याय उभा करणं.

बिल्डच्या बाजूचं उदाहरण व्हर्च्युअलबॉक्स. कोड जीपीएल, पण आतल्या बायोसचा भाग बनवायला ओपन वॉटकॉम नावाचा कंपायलर लागतो आणि त्याचं लायसन्स डेबियनच्या निकषांत बसत नाही, म्हणून कॉन्ट्रिब. मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट उतरवून देणारं पॅकेजही तिथेच, ती छोटी स्क्रिप्ट मुक्त आहे पण जे उतरवते ते नाही.

मग अर्धं पॅकेज मुक्त आणि एखादंच प्लगइन बंद लायब्ररी मागणारं असेल तर? तोडा. एचडब्ल्यूलॉक हे बघा, मशीनची रचना सांगणारी लायब्ररी, ती मेनमध्ये आहे, आणि एनव्हिडियाच्या कूडासाठीचं (ग्राफिक्स कार्डावर गणितं चालवणारी बंद प्रणाली) प्लगइन वेगळ्या सोर्स पॅकेजमधून कॉन्ट्रिबमध्ये काढलंय. सोर्स वेगळा का, तर बिल्ड-डिपेंड्समध्ये कूडा आलं की मेनमधला सोर्सच बाद होतो. काम दुप्पट होतं हे खरं, पण ज्याला कूडाशी देणंघेणं नाही अशा माणसाला पूर्ण मुक्त लायब्ररी मिळते.

इथे बरेच जण एक शंका काढतात, की प्रोग्राम मुक्त आहे पण तो ज्या सर्व्हरशी बोलतो तो बंद आहे, मग? प्रचलित उत्तर असं की दूरचा सर्व्हर डिपेंडन्सी धरत नाहीत, टेलिग्रामचा डेस्कटॉप प्रोग्राम मेनमध्येच आहे. मला स्वतःला हे उत्तर पूर्ण पटत नाही, पण नियम असा आहे आणि तुम्ही पॅकेज करताना नियमच पाळायचा.

नॉन-फ्री, आणि फर्मवेअरचा वेगळा रकाना

वाटायची परवानगी आहे पण बाकी अटींत बसत नाही, ते नॉन-फ्री. एनव्हिडियाचा ड्रायव्हर, रार फाइली उघडणाऱ्या अनरारची मूळ आवृत्ती, अशी मंडळी. डेबियन हे आपल्या सर्व्हरवर ठेवतं, बग ट्रॅकर वापरू देतं, पण हे डेबियन सिस्टीमचा भाग नाही असं स्पष्ट सांगतं. इथे पॅकेज ठेवणाऱ्याने दोन गोष्टी आधीच ओळखून असाव्यात. सिक्युरिटी टीम कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्रीची जबाबदारी घेत नाही. आणि नॉन-फ्री पॅकेज वेगवेगळ्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) आपोआप बिल्ड होत नाहीत, लायसन्स परवानगी देतं का बघून तशी खूण करावी लागते आणि मंजुरी घ्यावी लागते. शिवाय मालकाचं मन बदललं तर पॅकेज जातं: सनचं जावा वर्षानुवर्षं नॉन-फ्रीत होतं, ओरॅकलने 2011 मध्ये वाटपाचं ते लायसन्स बंद केलं आणि पॅकेज काढावं लागलं. तोवर ओपनजेडीके (जावाचीच मुक्त आवृत्ती) मेनमध्ये आलेलं होतं म्हणून लोकांचं निभावलं.

फर्मवेअरची (हार्डवेअरच्या आत चालणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची) गोष्ट वेगळी. वायफाय कार्डचं फर्मवेअर नॉन-फ्रीत असल्यामुळे अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसायचं, लॅपटॉपवर डेबियन टाकायला बसलं की वायफायच नाही, आणि वायफाय नाही म्हणून फर्मवेअर उतरवता येत नाही. नवीन माणूस तिथेच हात टेकायचा. 2022 मध्ये सदस्यांनी मतदान केलं आणि नॉन-फ्री-फर्मवेअर हा वेगळा कंपोनंट आला, जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये तो असतो. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि त्याचं कारण रकाना वेगळा काढला हे आहे. सगळं फर्मवेअर गुपचूप मेनमध्ये घातलं असतं तर मेनचा शब्द खोटा पडला असता, आणि लोकांना आख्खं नॉन-फ्री चालू करायला लावलं असतं तर वायफायसाठी गेलेला माणूस बाकीचाही बंद माल घेऊन आला असता. आता ज्याला फक्त फर्मवेअर हवं त्याला तेवढंच मिळतं. तुमचं पॅकेज इथे कधी? हार्डवेअरच्या आत चढवायची फाइल असेल, किंवा इंटेल-एएमडीच्या मायक्रोकोडसारखं प्रोसेसरमध्ये जाणारं असेल तर. तुमच्या मुख्य प्रोसेसरवर चालणारा ड्रायव्हर इथे येत नाही, तो नॉन-फ्रीतच.

तिसरी पायरी: सेक्शन आणि प्रायॉरिटी

यात फार डोकं घालू नका. कंट्रोल फाइलमध्ये सेक्शनची ओळ असते, मेनसाठी नुसतं फॉन्ट्स, कॉन्ट्रिबसाठी कॉन्ट्रिब, तिरकी रेघ, फॉन्ट्स, असं. कंपोनंट पण याच ओळीतून ठरतो हे नवीन लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगितलं. कुठला सेक्शन हे कळत नसेल तर तशाच तीन-चार पॅकेजेस कुठे आहेत ते बघा. मराठी लिहायला लागणारा लोहित देवनागरी (पुण्यातल्या रेड हॅटच्या ऑफिसात त्याच्यावर बरंच काम झालंय) फॉन्ट्समध्ये आहे, तुमचा फॉन्टही तिथेच. प्रायॉरिटी ऑप्शनल लिहा आणि पुढे चला, पूर्वी एक्स्ट्रा नावाची एक असायची, ती आता वापरत नाहीत. आणि तुम्ही लिहिता ती शिफारस असते, अंतिम नोंद एफटीपीमास्टर टीमच्या (सर्व्हरवरचं सगळं भांडार सांभाळणारी टीम) यादीत, नंतर बदलायचं असेल तर त्यांच्याकडे बग नोंदवायचा.

चौथी पायरी: कुठल्या स्वीटमध्ये

जवळपास नेहमी अनस्टेबल. तिथून टेस्टिंगमध्ये ते आपोआप जातं: अर्जन्सी (अपलोड करताना तुम्ही लिहिलेली निकड) हाय असेल तर 2 दिवस, मीडियम असेल तर 5, लो असेल तर 10 दिवस थांबतं, नवीन गंभीर बग नसावा, ज्यांच्यावर अवलंबून आहे ते पण टेस्टिंगमध्ये असावेत, आणि त्याने दुसऱ्या कुणाला मोडू नये. म्हणून "हे स्टेबलला जाण्याच्या लायकीचं आहे का" असा विचार अनस्टेबलमध्ये टाकतानाच करायचा, नंतर नाही. लायकीचं नसेल, अजून अर्धं मोडकं आहे पण लोकांनी बघावं असं वाटतं, तर एक्सपेरिमेंटल, तिथून काही आपोआप पुढे जात नाही. रिलीजआधी फ्रीज लागलेला (म्हणजे मोठे बदल थांबवलेले) असतानाही मोठे बदल तिकडेच टाकतात. स्टेबल वापरणाऱ्याला नवीन आवृत्ती द्यायची असेल तर बॅकपोर्ट्स, पण आधी ती टेस्टिंगला पोचलेली हवी.

दुसऱ्या डिस्ट्रोतून आला असाल तर

शब्द तेच, अर्थ वेगळे, इथे खूप गोंधळ होतो. उबंटूत मेन आणि युनिव्हर्स दोन्हीकडे मुक्तच सॉफ्टवेअर आहे, फरक सांभाळतं कोण याचा, कॅनॉनिकल की समाज. बंद ड्रायव्हर रिस्ट्रिक्टेडमध्ये आणि लायसन्सची अडचण असलेलं बाकीचं मल्टिव्हर्समध्ये. म्हणजे उबंटूच्या युनिव्हर्समधलं पॅकेज कमी मुक्त आहे असं अजिबात नाही, डेबियनच्या मेनमधल्या हजारो पॅकेज तिकडे युनिव्हर्समध्येच दिसतात. फेडोरातही आधी कोअर आणि एक्स्ट्राज असे दोन भाग होते, 2007 मध्ये फेडोरा 7 ला ते एक केले, आणि चालत नाही ते सगळं आरपीएम फ्यूजनसारख्या बाहेरच्या रेपोवर सोडलं. आर्चने 2023 मध्ये कम्युनिटी रेपो एक्स्ट्रात मिसळून टाकला. कोण सांभाळतं यावरून केलेली वाटणी अशी पुढे पुसली जाऊ शकते, म्हणून कॉलेजसाठी किंवा ऑफिससाठी स्वतःचा छोटा रेपो उभारत असाल (रेप्रेप्रो किंवा ॲप्टली पुरेसं आहे) तर विभागाच्या किंवा माणसाच्या नावाने कंपोनंट करू नका, पुढच्या वर्षी तो विभागही बदलतो आणि माणूसही. लायसन्सवरून दोन कंपोनंट करा, वाटता येईल ते आणि फक्त आत वापरायचं ते, आणि कच्चं-पक्कं यासाठी दोन स्वीट. एवढं पुरतं.

अपलोड झाल्यावर

डेबियनमध्ये पहिल्यांदाच येणारं पॅकेज न्यू नावाच्या रांगेत थांबतं, तिथे एफटीपीमास्टर टीममधला माणूस तुमची कॉपीराइट फाइल आणि सोर्स समोरासमोर ठेवून वाचतो. जुन्या पॅकेजमधून नवीन नावाचं बायनरी काढलंत तरी पुन्हा तीच रांग. किती दिवस लागतील याचा नेम नाही, रोज विचारू नका. मंजूर झालं की मेनमधल्या पॅकेजसाठी लगेच एक नुसत्या सोर्सचं अपलोड करा, कारण तुमच्या मशीनवर बिल्ड केलेली बायनरी टेस्टिंगमध्ये जाऊ देत नाहीत, बिल्ड सर्व्हरवरचीच लागते.

आणि नापसंतीचा मेल आला तर तो नीट वाचा, त्यात बहुतेक वेळा फाइलच्या नावासकट लिहिलेलं असतं की अमुक फोल्डरमधल्या अमुक फाइलचं लायसन्स तुम्ही नोंदवलं नाही. माझ्या शब्दयादीला एकदा असाच मेल आला होता, एका टेस्ट फोल्डरमध्ये कुणाच्या तरी लेखातले चार परिच्छेद नमुना म्हणून पडलेले होते आणि ते माझ्या नजरेतून सुटले होते. ते काढले, त्या जागी मी स्वतः लिहिलेले चार परिच्छेद टाकले, कॉपीराइट फाइलमध्ये नोंद केली, आणि त्याच आवृत्ती क्रमांकाने परत पाठवलं, तसं चालतं.